हाताला काहीतरी द्या

एखादा माणूस पहिल्यांदाच घरी येतो, खुर्ची पुढे केली तरी बसत नाही, सरळ चटईवर मांडी घालतो आणि घरच्या बाईला म्हणतो, "ताई, निवडायला-सोलायला काही असेल तर आणा. हाताला काहीतरी द्या." अशा माणसाबद्दल त्या घराने काय समजावं? आमच्या घराने जे समजायचं ते त्याच दिवशी समजून घेतलं. हा माणूस सरळ नाही.

घराची बाजू मला घ्यायलाच हवी. संशय आमच्याकडे नाकाच्या ठेवणीसारखा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. आजोबा म्हणे पाकीट फोडण्याआधी उजेडात धरून पाहत. आई दुधात बोट बुडवून थेंब किती वेळ बोटाला धरून राहतो ते बघे आणि गवळी तिच्याकडे बघत राही. माझ्याबद्दल बायको म्हणते की प्रार्थनेच्या वेळीही तुमचा एक डोळा उघडा असतो. हे साफ खोटं आहे. दोन्ही असतात.

अशा घरात ब्रदर आले. नाव त्यांना होतं, पण मंडळीत सगळे ब्रदरच म्हणत. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं, नागपूरच्या सदर भागाच्या मागच्या अंगाला राहणारी मराठी ख्रिस्ती कुटुंबं. कुणी रेल्वेत, कुणी दवाखान्यात, कुणी शाळेत, आणि आमचे बाबा तारघरात. वर्ष साधारण सत्तरच्या आगेमागचं. मंडळीतली तरुण पोरं उपासनेला येईनाशी झाली होती, आली तर दाराशी उभी राहून भांग पाडत होती. म्हणून चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी ब्रदरना तरुणांच्या कामासाठी आणलं आणि चर्चमागची खोली राहायला दिली. पंचांची अपेक्षा एवढीच होती की ह्या गृहस्थाने पोरांना धरून आत बसवावं. ब्रदर पोरांना सोडून आमच्या आयांजवळ तूरडाळ निवडत बसले.

दिसायला उंच आणि बारीक. विजारीचा उजवा पाय घोट्याशी सायकलच्या चापाने कायम आवळलेला. सायकल नसली तरी, आणि व्यासपीठावर बायबल वाचताना सुद्धा. चष्मा जाड. समोरचा माणूस काही महत्त्वाचं सांगायला लागला की ते चष्मा काढून खिशात ठेवत आणि म्हणत, "आता मला काही दिसत नाही. बोला." आणि खाली मान घालून शेंगा सोलत, तांदळातले खडे काढत, वाकलेले खिळे सरळ करत. जरीपटक्याच्या बाजारातून एकदा त्यांनी फुटक्या गुंड्यांची पुरचुंडी आणली होती, एकसारख्या वेगळ्या करायला. कशाला, ते कुणाला कळलं नाही. त्या गुंड्यांच्या नादात तीन घरांची भांडणं त्यांच्या कानावर गेली, एवढं मात्र खरं.

आईची पहिली भेट मला चांगली आठवते, कारण संध्याकाळी ती कपाळाला हात लावून बसली होती.

"मी ह्या माणसाले काय काय सांगून बसली बाप्पा!"

"काय सांगितलं?" मी विचारलं.

"तुले काहून सांगू? त्याले सांगितलं तेच लय झालं. दोन शेर तांदूळ निवडून झाले तरी माहं तोंड चालूच. अन् त्यानं तं एक शब्द नाही काढला. मले आता डाव वाटून राहिला. बाप्या माणूस बाईसारखा सूप घेऊन बसते, म्हणजे काहीतरी हाय त्याच्या पोटात."

त्यांच्या कामाची रीतच अशी होती की संशय यावा. पोरगा घरी नसेल अशी वेळ साधून ते आईबापांकडे जात. आईबाप नसतील तिथे पोरांना गाठत. आणि इकडचं तिकडे एक अक्षर नाही. आता तुम्हीच सांगा, जो माणूस कुणाचं कुणाला सांगत नाही, तो ते सगळं करतो काय? ठेवतो कुठे? आमच्या वस्तीत ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशीपर्यंत स्वतःजवळ ठेवणं हे उष्टं ताट तसंच ठेवण्यासारखं होतं.

त्यातून आमच्याकडे प्रार्थनेची एक पद्धत होती. सोमवारी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा भरे आणि ज्याला जसं सुचेल तसं तो मोठ्याने देवाशी बोले. मार्थाबाई ह्यात सगळ्यांत पुढे. डोळे घट्ट मिटून, पदर डोक्यावर घेऊन त्या सुरू करत, "हे दयाळू बापा, आमच्या शांतवनकाकांच्या धाकट्याला त्या सवयीपासून सोडव, जी त्याला पगाराच्याच दिवशी लागते, आणि ती परवा दवाखान्याच्या नर्सबाईसोबत सिनेमाला गेलेली आमची लेक, तिला सुबुद्धी दे." आमेन म्हणेपर्यंत शांतवनकाकांचा चेहरा विटेसारखा होई आणि मंगळवारी सकाळी नळावर देवाच्या आधी बायकाच कामाला लागत. वर्तमानपत्र वस्तीत दोन-तीन घरीच यायचं. बाकीच्यांना सोमवार पुरे होत असे.

ब्रदरनी युवक सभेत पहिल्याच शुक्रवारी नियम घातला. प्रार्थनेत नाव घ्यायचं नाही. कुणाचंच.

दानीएल, माझा मित्र, उठून म्हणाला, "ब्रदर, मग देवाले समजन कसं, कोणासाठी मागून राहिलो ते?"

"त्याच्याकडे पत्ता आहे," ब्रदर म्हणाले.

त्यांची स्वतःची प्रार्थना म्हणजे एक ओळ होती. ते डोळे मिटत आणि म्हणत, "प्रभू, ह्या खोलीत जे आहे ते तुला माहीत आहे. आमेन." घरी आले तर 'ह्या घरात' म्हणत, एवढाच बदल. मार्थाबाईंनी ती ऐकली आणि चर्चच्या पायरीवरच फैसला दिला. "येवढी प्रार्थना तं मी पातेलं उतरवता उतरवता करतो. ह्याले पगार काहून देतात गा?"

आता माझ्याकडे येतो, कारण ह्या गोष्टीतला खरा सरळ नसलेला माणूस मीच आहे.

त्या जूनमध्ये मी बी. एस्‌सी.च्या पहिल्या वर्षाला नापास झालो. गणितात पास होतो, हे नंतर कुणी कधी लक्षात घेतलं नाही, पण होतो. बाबांना मी सांगितलं की पास झालो, सेकंड क्लास. बाबा म्हणाले, "ठीक." बाबा तसेच बोलत. तारघरात तीस वर्षं काढलेली, शब्दाला पैसे पडत असल्यासारखं जपून बोलायचं. "जेवलास?" "पाऊस. छत्री." "दिवा." आम्ही भावंडं पाठीमागे त्यांच्या वाक्यांचे शब्द मोजून तारेचा दर काढायचो.

तर 'ठीक' ह्या एका शब्दावर मी पुढचे सहा महिने काढले. रोज सकाळी वह्या घेऊन कॉलेजला म्हणून निघायचं आणि महाराजबागेत अस्वलाच्या पिंजऱ्यासमोरच्या बाकावर जाऊन बसायचं. आई डब्यात दोन पोळ्या जास्त घाली, अभ्यासाने भूक लागते म्हणून. त्या मी अस्वलासमोर बसून खात असे. पुढे पुढे मला असं वाटायला लागलं की अस्वलाला माझा निकाल माहीत आहे.

दिवाळीच्या सुमारास मला ते झेपेना. एका संध्याकाळी ब्रदर चर्चमागच्या खोलीत गाण्यांच्या वह्यांच्या पाठी दोऱ्याने शिवत बसले होते. मला म्हणाले, "सुईत दोरा ओवून दे." मी ओवून दिला. चष्मा त्यांनी खिशात टाकला. तिसऱ्या वहीला मी सगळं सांगून मोकळा झालो. नापास, पोळ्या, अस्वल. आणि हेही सांगितलं की बाबांना कळलं तर मी घरी थांबणार नाही, स्टेशनावर जी गाडी पहिली लागेल तीत बसेन.

त्यांनी दोरा तोडून ती वही बाजूला ठेवली. मग म्हणाले, "बाबांना सांगायचंय?"

"नाही."

"बरं."

"तुम्ही सांगाल?"

"ते माझं नाही. मी कसं सांगू?"

"शपथ घ्या."

"शपथ घ्यायची आपल्याला बायबलात मनाई आहे," ते म्हणाले. "नाही म्हणजे नाही. हा दोरा पुन्हा ओव."

मला इतकं हलकं वाटलं की घरी येताना मी चक्क शीळ घातली. ते हलकेपण दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी अस्वलाची रजा घेऊन मी जरा लवकर घरी आलो, तर व्हरांड्यात ब्रदर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेले, आणि समोर बाबा बोलत होते. बाबा! नुसते बोलत नव्हते, वाक्यामागून वाक्य बोलत होते, हातवारे करत होते. मी फाटक लावलं तसे थांबले. ब्रदरनी मान वर केली नाही. आणि त्या रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "कॉलेज कसं?"

जूननंतर पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दानीएलला मी एवढंच सांगितलं की ब्रदर आमच्या घरी येऊन बाबांशी तासभर बोलले. तो म्हणाला, "अबे, तुले आज समजलं का? तो सीआयडी हाय. माह्या बुढ्याकडं बी जाते. पोरायचं काढते अन् तिकडं ओतते. नाही तं येवढी डाळ कोण निवडते फुकटात?"

झालं. आमच्या रक्ताला एवढं पुरे असतं. मी घरी येऊन चिठ्ठी लिहिली. डाव्या हाताने, म्हणजे अक्षर ओळखू येणार नाही. चर्चच्या दाराशी पंचांची सूचनापेटी होती, तिच्यात टाकली. मजकूर असा, की सदर गृहस्थ घरोघरी जाऊन कुटुंबांतल्या खाजगी गोष्टी काढून घेतात व इकडच्या तिकडे करतात, त्यामुळे तरुण मुलांचा विश्वास उडालेला आहे, तरी पंचांनी विचार करावा. खाली 'एक हितचिंतक'. ते लिहिताना मला स्वतःबद्दल थोडा आदरही वाटला होता, हे कबूल करायला आज मान खाली जाते.

एक गोष्ट मी विसरलो होतो. पंचांचे चिटणीस बाबा होते. पेटी तेच उघडायचे आणि आलेला कागद सभेत तेच वाचायचे.

सभा रविवारी उपासनेनंतर चर्चमध्येच झाली. ज्याला थांबायचं तो थांबला, म्हणजे सगळेच. मी शेवटच्या बाकावर. बाबांनी चिठ्ठी तारेच्या आवाजात वाचली. मधे एकदा थांबले, कागद जरा लांब धरला, मग शेवटपर्यंत वाचून घडी घातली.

त्यानंतर जो तो आपापला संशय घेऊन उठला. शांतवनकाका म्हणाले की हा माणूस लग्नं जुळवण्याचा धंदा करतो, म्हणून घरं पाहत फिरतो. दुसरे म्हणाले की दुसऱ्या मंडळीने आपली कुटुंबं फोडायला पाठवलाय. मार्थाबाई म्हणाल्या, "ज्याले प्रार्थनेत नाव चालत नाही, त्याच्याकडं लपवायले हाय काहीतरी." इतका वेळ ब्रदर काय करत होते? उपासनेची सतरंजी गुंडाळत होते. एक टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून ती वाकडी गुंडाळली जात होती.

चर्चचे पाळकसाहेब मुळात भले गृहस्थ. ते म्हणाले, "ब्रदर, लोकांच्या मनात आलंय खरं. तुम्ही एवढंच सांगा, घरोघरी काय बोलणं होतं? दोन-चार घरांचं सांगा. संशय फिटून जाईल, तुम्ही राहाल, काम चालू राहील."

ब्रदर सतरंजी ठेवून उभे राहिले. "ते माझं नाही."

"मग कुणाचं?"

"ज्यांनी सांगितलं त्यांचं. त्यांना वाटलं तर ते सांगतील."

आणि त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

वस्तीतल्या निम्म्या घरांचं काही ना काही त्या माणसाकडे होतं. एकाने उठून 'माझं आहे त्यांच्याकडे, आणि कुठे गेलेलं नाही' म्हटलं असतं तरी पुरे होतं. सगळे पंख्याकडे पाहत होते. पंखा बंद होता. आईने पदराचं टोक चार वेळा गुंडाळलं आणि सोडलं. माझे कान इतके तापले होते की मला वाटलं, पुढच्या बाकावरच्यांना झळ लागत असेल. बाबा खाली मान घालून इतिवृत्त लिहीत होते.

ठरलं असं की युवक सभा तूर्त बंद, आणि ब्रदरनी खोली महिनाअखेर सोडावी. त्यांनी फक्त एक मागितलं. "ती चिठ्ठी मला मिळेल?" बाबांनी दिली. ती त्यांनी चष्म्याच्याच खिशात ठेवली.

ते वाडीला राहायला गेल्याचं कळलं. तेव्हाची वाडी म्हणजे अमरावती रोडवर ट्रकांची रांग, मालाची गोदामं आणि गोदामांच्या मागे भाड्याच्या खोल्या. नाताळ आठ दिवसांवर आला असताना मला पोस्टकार्ड आलं. 'तुझी गाण्याची वही माझ्याकडे राहिली आहे. शनिवारी चार वाजता ये.' एवढंच. मी त्या कार्डाच्या दोन्ही बाजू उजेडात धरून पाहिल्या. कार्डाला आत काही नसतं हे माहीत असून पाहिल्या. त्यांना कळलंय का? कळलं असेल तर वहीचं निमित्त कशाला? नसेल कळलं तर मलाच का?

शनिवारी बसने उतरलो, गोदामामागची खोली शोधली, आणि तिच्या भिंतीला टेकून उभी असलेली सायकल पाहिली. सीटवर जुन्या हिरव्या पडद्याचं, आईने शिवलेलं कव्हर. अख्ख्या नागपुरात तसं एकच होतं.

मी वळून परत निघालो होतो, हे सांगायला हवं. चार पावलं गेलोही. तेवढ्यात मागून आवाज आला, "आलास? बरं झालं."

आत बाबा चटईवर बसलेले. मला पाहून त्यांनी खाकरून घेतलं आणि म्हणाले, "शेंगा द्यायला आलो. आईने पाठवल्या." खरंच समोर कापडाच्या पिशवीभर तुरीच्या हिरव्या शेंगा होत्या, काटोलहून मामाने बसने धाडलेल्या. ह्या माणसाच्या पोटात काहीतरी आहे म्हणणाऱ्या आईने त्यातल्या निवडून भरलेल्या दिसत होत्या. कीड लागलेली एक नव्हती.

ब्रदरनी पिशवी सुपात ओतली, सूप आमच्या दोघांच्या मधे सरकवलं आणि अडकवलेली किटली काढली. "घरात दूध नाही. मी घेऊन येतो, मग चहा करू. तोवर एवढ्या शेंगा सोला." आणि गेले. दार ओढून घेतलं.

मी सुपाकडे पाहिलं. बाबांनी एक शेंग उचलली. मग मी उचलली.

सुपात मूठभर दाणे जमले. बाहेर एक ट्रक मागे घेत होते, क्लीनर ओरडत होता, "आन दे, आन दे."

"निकाल पाहिला होता," बाबा शेंगेला म्हणाले. "जूनमध्ये. पेपरात."

माझ्या हातातला दाणा उडून स्टोव्हपाशी गेला.

"तीन पेपर पाहिले. नंबर नव्हता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मी सहा महिने... बाबा, मी रोज अस्वलासमोर..."

"माहीत आहे. एकदा मागे आलो होतो. पोळी खात होतास." त्यांनी शेंग नखाने चिरली. "तुझा काका माहीत आहे ना?"

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. तरुणपणी घर सोडून गेला एवढंच आम्हाला माहीत होतं. त्याचा विषय घरात निघत नसे.

"मॅट्रिकला नापास झाला. वडील नव्हते. मी मोठा. मी म्हणालो, तोंड दाखवू नकोस." बाबांनी हातातली शेंग खाली ठेवली. "तीन शब्द. त्याने ऐकलं. त्यानंतर नाहीच दाखवलं."

मी मान वर केली नाही. वर केली असती तर त्यांना पुढचं बोलता आलं नसतं, हे मला कसं कोण जाणे कळलं.

"तेव्हापासून मी कमी बोलतो. तुम्हाला वाटतं तारघरामुळे. तुझा नंबर नव्हता तेव्हा मी ब्रदरकडे गेलो. जूनमध्येच. म्हटलं, मी काही बोललो आणि हाही गेला तर? ते म्हणाले, बोलू नका, पण त्याच्यासमोर असा. ते मला जमेना. दर महिन्याला त्यांना बोलवून तेच विचारत होतो. त्या दिवशी व्हरांड्यात म्हटलं, आता सहन होत नाही, विचारू का त्याला? ते म्हणाले, कॉलेज कसं, एवढंच विचारा."

म्हणजे ह्या माणसाकडे माझं गुपित बाबांपासून लपवलेलं, आणि बाबांचं गुपित माझ्यापासून लपवलेलं, दोन्ही होती. आणि दोन्ही एकच होती. एका वाक्यात ते आम्हाला दोघांना मोकळं करू शकले असते, आणि सभेत स्वतःलाही.

"बाबा, ती चिठ्ठी..."

"माहीत आहे."

"डाव्या हाताने लिहिली होती!"

"लहानपणी तू डावखुरा होतास," बाबा म्हणाले. "पाटीवर सगळं डाव्या हाताने. मीच सवय मोडली. ते अक्षर मी विसरेन?"

मला लाज वाटली, रडू आलं, आणि त्याच्या आतून कुठूनतरी हसूही आलं. डोळे पुसायला दोन्ही हात तुरीच्या चिकाने भरलेले.

"तुझं वय एकोणीस," बाबा म्हणाले. "माझं काय? तीस वर्षं लोकांच्या तारा हातून गेल्या. मयताच्या, लग्नाच्या, काय काय. एक बाहेर बोललो नाही. त्याबद्दल मला मान होता स्वतःचा. आणि माझंच गुपित ठेवलं म्हणून एका माणसाला उभं केलं, तेव्हा मी इतिवृत्त लिहीत बसलो. उठायचं होतं फक्त. उठून म्हणायचं होतं."

बाबांच्या तोंडून मी एवढे शब्द पुन्हा कधी ऐकले नाहीत.

ब्रदर दूध आणायला गेलेत तोवर पुढचं सांगून टाकतो, म्हणजे ते आल्यावर मधे मधे करावं लागणार नाही. त्याच आठवड्यात आम्ही पंचांना पत्र दिलं, खाली दोघांच्या सह्या, माझी उजव्या हाताची. बाबांनी ते सभेत उभं राहून वाचलं, त्यांचं आणि माझं सगळं त्यात होतं. मार्थाबाई म्हणाल्या, "मले आधीच संशय होता." कशाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. पंचांनी ब्रदरना परत बोलावलं, पण ते आले नाहीत. वाडीतल्या गोदामांवर काम करणाऱ्या पोरांना आणि त्यांच्या घरच्यांना घेऊन त्यांनी तिथेच शुक्रवारची सभा सुरू केली होती. मी परीक्षा पुन्हा दिली आणि पास झालो. त्या वेळी नंबर पेपरात बाबांनी दाखवला, बोट ठेवून. सोमवारच्या प्रार्थनेत नावं घेणं मात्र आमच्याकडे आजही चालू आहे. माणसाला किती बदलता येतं ह्यालाही मर्यादा असते.

ब्रदर आले तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. दीड तास. शेंगा कधीच्या संपल्या होत्या. त्यांनी किटली उलटी करून दाखवली. "दूध मिळालं नाही." मग सुपातले दाणे हाताने चाळले. "छान सोललेत."

त्यांनी कोनाड्यातून माझी वही काढून दिली. मी उघडली. मधल्या पानात एक कागद घडी घालून ठेवलेला होता. डाव्या हाताचं अक्षर, खेकड्यासारखं तिरकं. मी वही मिटली. ब्रदर चष्मा पुसत होते.

त्यांनी डोळे मिटले. "प्रभू, ह्या खोलीत जे आहे ते तुला माहीत आहे."

"आमेन," बाबा म्हणाले. इतक्या मोठ्याने, की बाहेरचा क्लीनर दारातून डोकावला.

मी त्या वेळीही डोळे मिटले नव्हते, तुम्हाला माहीतच आहे. म्हणून मला खोली पाहता आली. खिडकीत साबणाची वडी, खिळ्याला दुसरी विजार, आणि स्टोव्हमागे जाळीचं झाकण घातलेलं एक पातेलं.

परत येताना मी सायकल मारत होतो आणि बाबा मागे कॅरियरवर बसले होते. मला वाटलं, ते काही बोलणार नाहीत. आजच्या दिवसाचं सगळं बोलून झालंय. अमरावती रोडवर ट्रकांचे दिवे लागायला लागले होते. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, पोस्टकार्ड मला एकट्यालाच आलं होतं का? की एक बाबांच्याही खिशात होतं, शेंगांच्या पिशवीखाली? विचारावं असं वाटलं. मग वाटलं, ते माझं नाही.

चढ आला तसे बाबा उतरले, आणि एक हात सीटच्या हिरव्या कव्हरवर ठेवून सायकलीबरोबर चालायला लागले.

"दूध होतं," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो. "पाहिलं."